इंजिनाला हवा कमी पडते

पुसदच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक असलेल्या श्रीकृष्णरावांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतः घेतले होते. लग्न आईने ठरवलं, नोकरीचा अर्ज मामांनी भरला आणि मिशी किती ठेवायची ते न्हावी ठरवायचा. त्यामुळे खर्ऱ्याची पुडी कुठे लपवायची, हा निर्णय त्यांनी कोणाचाही सल्ला न घेता एकट्याने घेतला, तेव्हा त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढचं सगळं रामायण त्या अभिमानातून घडलं.

(विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला जो पदार्थ जीव तोडून घोटतो, त्याला खर्रा म्हणतात. तो गिऱ्हाईकाच्या आवडीप्रमाणे घोटून मिळतो. श्रीकृष्णरावांची आवड : सुपारी बारीक, चुना कमी.)

लपवण्याची पाळी आली ती गाडीमुळे. जुनी, पांढरी, आधीच्या मालकांनी बऱ्यापैकी पिळून काढलेली सेडान घ्यायचं ठरलं, तेव्हा शीलाताईंनी अट घातली.

"घरात एक तं गाडी राहीन, नाही तं खर्रा राहीन. दोन्ही जमणार नाही. ज्या दिवशी मले पुडी सापडली, त्या दिवसापासून चाबी माझी, स्टिअरिंग माझं, अन् तुम्ही मागं बसान."

ही नुसती धमकी नव्हती. शीलाताईंनी ड्रायव्हिंगचा क्लास लावून रीतसर लायसन काढलं होतं, आणि "जुनी गाडी आहे, तिचा स्वभाव तुला माहीत नाही," असं म्हणत श्रीकृष्णरावांनी त्यांना आजवर स्टिअरिंगला हातही लावू दिला नव्हता. त्याला कारण होतं. कार्यालयात त्यांचं कोणी ऐकत नसे, घरात तर प्रश्नच नव्हता. पण ही गाडी त्यांनी डावीकडे वळवली की निमूटपणे डावीकडे वळायची! असं सुख त्यांना आयुष्यात दुसरीकडे कुठेही मिळालं नव्हतं आणि ते गमवायची त्यांची तयारी नव्हती. खर्रा सोडायचीही नव्हती.

घरात पुडी ठेवणं अशक्य होतं. पॅन्टचे खिसे धुण्याआधी उलटे व्हायचे, डिकीत शीलाताईंच्या पिशव्या असायच्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांचा कंगवा. राहता राहिलं बोनेट. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून श्रीकृष्णरावांना एअर फिल्टरच्या काळ्या पेटीचा शोध लागला. चार क्लिपा उघडल्या की झाकण निघतं, पाना लागत नाही, आत अगदी कोरडं. फिल्टरच्या अलीकडे धूळ असते, म्हणून त्यांनी पुड्या एका मोठ्या पन्नीत घालून फिल्टरच्या पलीकडे, गाळलेल्या हवेत ठेवल्या. खाण्याच्या वस्तूच्या बाबतीत ते स्वच्छतेचे भोक्ते होते.

तेव्हापासून गाडी आजारी पडली.

गावात फिरताना ठणठणीत. पण दिग्रसच्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला की तिला ठसका लागायचा, जोर जायचा आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. श्रीकृष्णरावांनी ती देवीलालच्या गॅरेजमध्ये नेली. आता हा देवीलाल मूळचा बोरी अरबचा, म्हणजे शीलाताईंच्या माहेरचा, त्यांना ताई म्हणणारा. बोनेट उघडल्यावर त्याला पुड्या दिसल्या तर ती बातमी गाडीच्या आधी घरी पोचली असती. म्हणून गॅरेजला जाण्यापूर्वी श्रीकृष्णराव आठवणीने पन्नी काढून बनियनमध्ये खोचायचे.

"भाऊजी, गाडी तं मक्खन चालून राह्यली," देवीलाल चक्कर मारून आला.

"अरे, रस्त्यावर खोकते ना!"

"माह्यासमोर तं खोकत नाही. माणूस पाहून खोकते काय?"

गाडीतला दोष दाखवणारं त्याच्याकडचं स्कॅनर त्याच्या साळ्याने नेलं होतं, ते साळ्यासकट परत आलं नव्हतं. म्हणून त्याने अंदाजाने प्लग बदलले. पुढच्या वेळी पेट्रोलची टाकी धुतली. त्याच्या पुढच्या वेळी त्याने एअर फिल्टरची पेटीही उघडली आणि थक्क झाला.

"फिल्टर तं येवढा साफ हाय भाऊजी, का देवघरात ठेवा!"

(असणारच. रोज दोनदा उघडून पुसला जात होता.)

गॅरेजमध्ये बरी, घरी आली की पुन्हा आजारी. या दोन्हींच्या मध्ये आपण एक पन्नी काढतो आणि ठेवतो, ही गोष्ट श्रीकृष्णरावांच्या डोक्यात एकदाही आली नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की देवीलालला काही कळत नाही आणि आता स्वतःचं स्कॅनर घ्यायला हवं.

मग सुरू झाला स्कॅनरचा अभ्यास. गॅरेजवाले वापरतात तो भलामोठा टॅबलेट घ्यावा, की हातात मावणारं, नुसते आकडे दाखवणारं यंत्र घ्यावं, की स्टिअरिंगखाली खोचायचं आणि मोबाइलला जोडायचं काडेपेटीएवढं डबडं घ्यावं? श्रीकृष्णरावांनी जेवताना व्हिडिओ पाहिले, कार्यालयात लोकांची मतं वाचली, स्वप्नात वायरी पाहिल्या.

"मले पाहाले आले तवा चहा संपाच्या आधी हो म्हणून मोकळे झाले होते," शीलाताई म्हणाल्या. "अन् या डबड्यासाठी येवढा इचार?"

"अगं, यात फसवणूक फार असते."

"अन् त्यात नव्हती काय?" शीलाताईंनी विचारलं आणि त्या कुकर लावायला गेल्या.

शेवटी त्यांनी काडेपेटीएवढं डबडंच घेतलं, कारण त्याचं अ‍ॅप मराठीत बोलायचं. दोष सापडला की एका बाईच्या गोड आवाजात सांगायचं. घरात आपल्याशी गोड आवाजात बोलणारं एक तरी कोणी असावं, असं त्यांना फार दिवस वाटत होतं.

यंत्र आलं आणि पाठोपाठ अपेक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आला. अपेक्षा म्हणजे शीलाताईंची धाकटी बहीण. कार्यक्रम यवतमाळला होता. बाकी मंडळी ट्रॅव्हल्सने पुढे जाणार आणि सासू-सासऱ्यांना बोरी अरबहून घेऊन जाण्याचा मान थोरल्या जावयाला मिळालेला. दिवसभर सासरच्या मंडळींत राहायचं म्हणून श्रीकृष्णरावांनी सकाळीच पन्नीत पुड्यांचा जादा साठा भरून घेतला.

बोरी अरबपर्यंत पावसाने नव्याने पडलेल्या खड्ड्यांमुळे वेग घेताच आला नाही, त्यामुळे गाडी गुणी बाळासारखी आली. तिथे सासरे विठ्ठलराव धोतर सावरत पुढे बसले. सासूबाई विमलताई लाडवांचा मोठा डबा मांडीवर घेऊन मागे शीलाताईंच्या शेजारी बसल्या. चांगला रस्ता लागला आणि श्रीकृष्णरावांनी सासऱ्यांना यंत्र दाखवलं.

"मामाजी, हे गाडीचं पोट तपासतं. काय झालं, कुठे झालं, सगळं बोलून सांगतं."

"खोटं गिटं बोलत असन तं?"

"यंत्र आहे मामाजी! माणूस खोटं बोलेल, हे बोलणार नाही."

असं म्हणून त्यांनी ऐटीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीने वेग घेतला, एक उसासा टाकला, ठसका दिला आणि पिवळा दिवा लागला. मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "इंजिनाला हवा कमी पडते. एअर फिल्टरची पेटी तपासा."

"कोन बाई हाय वं थे?" विमलताईंनी विचारलं.

श्रीकृष्णरावांच्या डोक्यात इतक्या आठवड्यांनी लख्ख उजेड पडला होता. पेटी. पन्नी. वेग घेतला की हवेच्या ओढीने पन्नी जाऊन इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर बसते आणि गाडी थांबली की खाली पडते! इतका अवघड दोष आपण शोधून काढला याचा त्यांना क्षणभर आनंदही झाला. मग मागे शीला बसली आहे हे आठवलं आणि त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

"बेकार यंत्र आहे," ते म्हणाले. "काहीही बोलतं."

"आत्ताच तं म्हणत होते खोटं बोलत नाही!" शीलाताई पुढे वाकल्या.

"इंजिनाला हवा कमी पडते," बाईने पुन्हा सांगितलं. "एअर फिल्टरची पेटी तपासा."

"काय करून राह्यले जवाईबापू? थांबवा गाडी," विठ्ठलराव म्हणाले. "थे बाई बिचारी केव्हाची सांगून राह्यली, पेटी पाहा म्हणून. तिकडं पोरावाले खोळंबले असतीन."

"बोनेट फार गरम असतं मामाजी. पोळेल."

"मंग माह्या धोतरानं धरतो."

"अहो, पण खटका बिघडलाय त्याचा. उघडतच नाही!"

तोवर गाडी ठसकत ठसकत कडेला थांबलीच होती. शीलाताईंनी खाली उतरून, चालकाच्या बाजूचं दार उघडून, श्रीकृष्णरावांच्या गुडघ्यापाशी हात घातला आणि खटका ओढला. खट् आवाज झाला. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सासरे-जावई खाली उतरेपर्यंत चार क्लिपा त्यांनी भेंडीची देठं मोडावीत तशा पटापट उघडल्या आणि आतून फुगलेली पन्नी दोन बोटांत धरून वर काढली.

रस्त्याच्या कडेला कपाशीत काम करणाऱ्या बायाही हात थांबवून पाहू लागल्या.

"हे काय हो?"

"उंदरांसाठी!" श्रीकृष्णराव ओरडले. "उंदीर वायरी कुरतडतात ना, तंबाखूच्या वासाने येत नाहीत. सगळेच ठेवतात. विचार मामाजींना!"

ही गोष्ट खोटी नव्हती. ट्रॅक्टरमध्ये उंदीर शिरू नयेत म्हणून विठ्ठलरावही तंबाखूची पानं ठेवत. आपण सुटलो असं श्रीकृष्णरावांना वाटलं. विठ्ठलरावांनी गंभीरपणे एक पुडी सोडली, चिमूटभर खर्रा तपासणीसाठी तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ विचार केला.

"सुपारी बारीक हाय," त्यांनी निकाल दिला. "चुना कमी."

"उंदराले चुना कमी लागते काय हो?" शीलाताईंनी नवऱ्याला विचारलं.

श्रीकृष्णराव बुटांकडे पाहू लागले. विठ्ठलराव मात्र आणखी खोल तपास करण्याच्या विचारात दुसरी चिमूट घेत होते, तेवढ्यात विमलताईंनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि पन्नी आपल्याकडे मागून घेतली. "तुमी तं आखाडीलेच सोडला होता ना?" त्या एवढंच म्हणाल्या आणि सासरे-जावई शेजारी शेजारी उभे राहून बुटांकडे पाहू लागले.

"चाबी द्या," शीलाताई म्हणाल्या.

"शीला, अगं, आज नको. आज कार्यक्रम आहे. लोक काय म्हणतील?" श्रीकृष्णरावांनी चाबी मुठीत घट्ट धरली. "उद्यापासून घे ना."

"चाबी."

यवतमाळपर्यंत सेडान अशी पळाली की तिचा जुना मालकही ओळखता ना. ठसका नाही, उसासा नाही, दिवा नाही. गाडीत हवा खेळती झाल्यामुळे हे घडलंय, असं श्रीकृष्णराव मागच्या सीटवरून समजावून सांगत होते, पण ते कोणाच्या मनावर ठसत नव्हतं.

"हात पाहा पोरीचा!" विठ्ठलराव शेजारून कौतुकाने म्हणाले. "गाडीले काहीच झालं नव्हतं. चालवनाराच बरोबर नव्हता."

"अहो, मोबाइल तुमच्यापाशी हाय ना?" आरशातून मागे पाहत शीलाताई म्हणाल्या. "पाहा बरं, काय म्हणते तुमची बाई."

श्रीकृष्णरावांनी बटण दाबलं. बाईने सगळी गाडी तपासली आणि आजवर त्यांच्याशी कधी बोलली नव्हती इतक्या प्रेमाने म्हणाली, "कोणताही दोष आढळला नाही. आपण उत्तम चालक आहात."

"तिले धन्यवाद सांगा," शीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सफाईने डावीकडे वळवली. श्रीकृष्णरावही निमूटपणे डावीकडे कलले आणि विमलताईंनी लाडवांचा डबा त्यांच्या मांडीवर सरकवला.