शिनोलीत ओळखतंय कोण

"शिनोलीत मला काळं कुत्रं ओळखत नाय," भरत फोनवर बायकोला म्हणाला. "जायचं, गुपचूप मागं बसायचं, यायचं. आपल्या निमगाव सावाला पत्ता लागायचा नाय."

"आदी जा तर," अश्विनी म्हणाली. ती महिनाभर लोणीला माहेरी होती. "तुमी खरंच जाऊन बसला असं मला पटलं, तरच मी येईन. शपथा नका घालू आता."

तिचंही खरंच होतं. ग्रामदैवत, आईचा गळा आणि भावाचा नवा ट्रॅक्टर, सगळ्यांच्या शपथा वापरून झाल्या होत्या. ती माहेरी गेली त्या दिवसापासून भरतनं थेंब घेतला नव्हता, पण हात कापायचे आणि संध्याकाळ खायला उठायची. दारू सोडणाऱ्यांचा गट नारायणगावातही होता, पण तिथं निम्मा टोमॅटो बाजार त्याला नावानं ओळखायचा. म्हणून त्यानं फोन करकरून लांबचा गट शोधला. शिनोली, समाजमंदिर, दर गुरुवारी.

गुरुवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोन तालुके तुडवत गाडी शिनोलीत आणली. कुणाला काही विचारायचं नाही, हे ठरलेलं. समाजमंदिराचं पहिलं दार उघडं दिसलं, तो आत शिरला आणि जागीच थिजला.

आत सगळ्या बायका. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. एक तर सत्तरीची आजी, समोर पानाची चंची घेऊन बसलेली.

'बाप रे,' भरतच्या मनात आलं, 'ही माउलीपण?'

त्याला भरून आलं. आपण पुरुष असून तोंड लपवत आलो आणि ह्या गावातल्या गावात, दिवसाढवळ्या, दार उघडं टाकून बसल्यात. एकीनं उठून कायतरी सांगितलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. भरतनंही वाजवल्या. त्याचे डोळे पाणावले.

खरं तर तो महिला बचत गट होता आणि बायका सकाळपासून बँकेच्या नव्या साहेबांची वाट बघत होत्या. साहेबांना कुणी पाहिलेलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट आला म्हणजे साहेब आले. आणि आपल्याकडे पाहुण्याचा सत्कार आधी, विचारपूस मागून. भरतनं तोंड उघडायच्या आत त्याच्या अंगावर शाल, हातात नारळ आणि डोक्यावर टोपी होती.

पहिल्याच दिवशी एवढा मान. भरत पार विरघळला.

"आता दोन शब्द बोला," साळुबाई म्हणाली. ती गटाची अध्यक्ष.

भरत उठला. नारळ छातीशी धरला. "माझं नाव भरत. मी दारुडा हाये. तुमच्यासारखाच."

आजीनं तोंडाकडं नेलेलं पान परत चंचीत ठेवलं.

"आमच्यासारका म्हंजी?" चंचीवाल्या अंबाबाईनं विचारलं.

"लाजू नका, आजी. या वयात तुमी सोडली, मला तर तुमचे पाय धरावंसं वाटतंय. मी लई खोटं बोललो. पोराच्या वाढदिवसाला केक आणायला गेलो आन् दुसऱ्या दिवशी उगावलो. बायको गेली. तिनं परत यावं, एवढंच हाये माझं."

कुणी हसलं नाही. अंबाबाई उठली, तिनं त्याचा हात धरला.

"मर्दा, तुजी खोली पलीकडं. आमचं मालकबी तितंच हायेत. पन बोललास ते ब्येस बोललास. चल."

पलीकडच्या खोलीत आठ-दहा बाप्ये बसले होते. मधली भिंत पत्र्याची.

"ये," अंबाबाईचे मालक, भिमाजी म्हणाले. "तुजं बोलून झालंय. ऐकलं समद्यांनी. मला हे बोलाया दोन पावसाळे लागलं, राव."

भरत बघतच राहिला. एवढे धिप्पाड गडी, आणि एकेकजण आपली लाज सुपात घेऊन पाखडत होता. कुणी कुणाला शहाणपण शिकवत नव्हतं. देवळातही एवढं गप्प त्याला कधी बसवलं नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, हात कापायचा थांबलाय.

इतक्यात बँकेचे खरे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, एकटेच. बायका एकदा फसल्या होत्या. साळुबाईनं त्यांना दारातच वळवलं, "लाजू नका, दादा. पलीकडं," आणि भरतच्या शेजारी नेऊन बसवलं.

"अहो, मी दारू पीत नाही," साहेब म्हणाले.

"पयल्या दिशी समदे आसंच म्हनत्यात," भिमाजी मायेनं म्हणाले. "बसा. घाई न्हाई." आणि त्यांनी साहेबांच्या हातात चहा दिला.

तेवढ्यात अश्विनीचा फोन आला.

"गटात बसलोय," भरत हळूच म्हणाला.

"शपथ नको. शेजारी कोण बसलंय त्यांना द्या."

भरतचा आता सगळ्या जगावर विश्वास बसला होता. त्यानं फोन साहेबांना दिला. आपलं ऐकणारं माणूस साहेबांना प्रथमच भेटलं होतं.

"हे बघा मॅडम, मी बँकेतला आहे. मला दारूचं व्यसन नाही. इथं महिला बचत गटाची मीटिंग आहे आणि हे शेजारचे गृहस्थ शाल पांघरून, नारळ घेऊन बसलेत."

"म्हंजे ही पण थापच!" म्हणत अश्विनीनं फोन ठेवला.