आधी मठ, मग डोंगर

प्रतापने ठरवलं, की आधी मठ आणि मग डोंगर. एवढंच ठरवलं. पण त्याच्या संसारात काहीही ठरवायचं काम सुलूकडे होतं, आणि ते तिच्याकडेच का होतं हे त्या रविवारी पुन्हा एकदा सिद्ध झालं.

सहलीचा मूळ बेत सुलूचाच. बोईसरहून सकाळची एसटी धरायची, ऊन चढायच्या आत डोंगर चढायचा, माथ्यावरून समुद्र बघत शिदोरी खायची आणि उतरताना पायथ्याच्या तळ्याकाठच्या मठात हात जोडून घरी परतायचं. पण एसटीतून उतरल्यावर प्रतापने डोंगराकडे बघितलं, मग मठाच्या स्वयंपाकघरातून निघणाऱ्या धुराकडे बघितलं, आणि त्याची भक्ती एकदम उफाळून आली.

"आधी प्रसाद घेऊ. भरल्या पोटी डोंगर बरा चढवतो."

"अवो, पण टोपलीत काय हाय ते ठाव हाय ना?" सुलू म्हणाली.

ठाऊक नसायला काय झालं? त्यानेच हट्टाने घ्यायला लावलं होतं. वर चिकू, चिकूंखाली तांदळाच्या भाकऱ्या आणि भाकऱ्यांखाली केळीच्या पानात गुंडाळलेले, निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील!

आता भाजलेले बोंबील लपवून न्यायची पाळी एका धडधाकट माणसावर का यावी? तर खोलीपायी. घिवलीच्या बाजूला अणुवीजघराचं बांधकाम जोरात चालू होतं आणि प्रताप तिथल्या एका कंत्राटदाराकडे कारकून होता. बोईसरच्या त्याच्या भाड्याच्या खोलीची भिंत इतकी पातळ, की शेजाऱ्याने कूस बदलली की सुलूला जाग यायची. पाणी मागच्या विहिरीवरून. कंत्राटदाराने कामाजवळ नवी चाळ बांधली होती, दारात नळ असलेली. त्यातली एकच खोली उरली होती, आणि ती हेडक्लार्क चंद्रभान यांच्या भिंतीला भिंत लागून. चंद्रभान नागपूरकडचे, गळ्यात तुळशीची माळ. खोली कुणाला द्यायची ते त्यांच्याच हातात होतं.

"मासे खाता?" त्यांनी विचारलं होतं.

"सोडले साहेब. श्रावणापासून." (प्रतापने दात यायच्या आधी माशाचं कालवण चाखलं होतं.)

"श्रावणात सगळेच सोडतात."

"मी परत धरले नाहीत."

झालं! साहेब केव्हाही दारात उभे राहतील या भीतीने दिवाळी होऊन गेली तरी घरात मासा शिजला नव्हता. प्रताप आमटीकडे बघून उसासे टाकायचा. डोंगराच्या माथ्यावर तरी ऑफिसचं नाक पोचणार नाही, असा त्याचा हिशोब होता.

मठाची रीत अशी, की आलेली शिदोरी कुणी आपापली खायची नाही. ती दारात द्यायची, स्वयंपाकात मिसळायची आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. दारात शिदोऱ्या घ्यायला धोतर खोचून कोण बसलं असेल? चंद्रभान!

"वा, प्रतापराव! या, या! मी दर रविवारी इथे सेवेला असतो. द्या ती टोपली."

प्रतापने टोपली छातीशी धरली. मठाची दोन मांजरं एव्हाना टोपलीखाली येऊन बसलीही होती.

"ही... ही नाही देता येणार, साहेब. डोंगरावरच्या देवाचा नैवेद्य आहे. नवस आहे."

"कुणाचा?"

"हिचा," प्रताप म्हणाला. सुलूने त्याच्याकडे असं बघितलं, की खोली मिळाली तरी त्यात राहायला आपण असू की नाही, याची त्याला शंका आली.

चंद्रभान गहिवरले. "मग मीही येतो. नैवेद्य मीच उचलतो, तेवढंच पुण्य. पण आधी स्वामींचा हात लागू दे."

मौनी स्वामी तळ्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी टोपलीवर हात ठेवला, डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. मग ते गोड हसले. सुदैवाने मौन मोडलं नाही.

नैवेद्याला उशीर नको म्हणून पंगतीला न बसताच तिघं निघाले. पुढे टोपली डोक्यावर घेतलेले चंद्रभान, मागे दोन मांजरं.

"बघा प्रतापराव, मुक्या जिवांनाही देवाची कशी ओढ असते!"

प्रतापने वाटेत तीनदा टोपली मागितली. एखाद्या घळीत पाय घसरून पडायची त्याची मनापासून तयारी होती. पण साहेब पुण्य सोडायला तयार नव्हते.

माथ्यावर झाडाखाली शेंदूर फासलेला देव होता आणि देवाचं बघणारा बुधा वारली होता. त्याची नाचणीची शेती तिथेच उतारावर. त्याने टोपली घेतली, चिकू काढले, भाकऱ्या काढल्या. प्रतापने डोळे गच्च मिटले. गेली खोली, गेला नळ!

"आरं वा, बोंबील!" बुधा ओरडला. "कोनी तरी समजून आनला. बोईसरची मानसा नुसता नारल ठेवून जातात. देवाचे तोंडाला चव नको का?"

प्रतापने एक डोळा उघडला. चंद्रभानांचे दोन्ही डोळे भरून आले होते.

"प्रतापराव, स्वतः सोडलेत, आणि देवासाठी भाजून आणलेत! केवढा तो वास! कसा सहन केलात?"

"फार कठीण गेलं, साहेब," प्रताप म्हणाला. दिवसभरातलं हे त्याचं पहिलं खरं वाक्य.

देवाचा वाटा काढून बुधाने प्रसाद वाटला. सुलूला दिला, मांजरांना दिला. प्रतापनेही हात पुढे केला, तर साहेबांनी मनगट धरलं.

"त्यांना नको. त्यांचं व्रत आहे. भाकरीलाही वास लागलाय. आम्ही दोघं चिकू खाऊ."

सुलूने डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावाने, काटासुद्धा न टाकता प्रसाद घेतला. प्रतापच्या वाट्याचाही तिने घेतला.

मग साहेब त्यांना कड्यापाशी घेऊन गेले. दूर समुद्र चकाकत होता. "ती नवी चाळ दिसते? शेवटची खोली माझी, तिच्या शेजारची तुमची. उद्या चावी न्या."

सुलूला रडू आलं. दारातला नळ तिला तिथूनही दिसत होता. प्रतापला मात्र दुसरंच काही दिसलं.

"साहेब, आपल्या खोल्यांच्या मागे ते पांढरं पांढरं ओळीने काय वाळतंय?"

"घिवलीच्या कोळ्यांचे बोंबील. दिवसभर वारा तिकडूनच येतो. बाहेरचा वास काही मला थांबवता येत नाही, निदान शेजार तरी मोह जिंकलेल्या माणसाचा असावा!"

साहेब देवाच्या पाया पडायला वळले, तशी सुलू हळूच म्हणाली, "तुमी बोलला ते आता पालायला पायजे. घरात माशाचं नाव नाय. मला वाटलं तर मी रविवारची एडवणला आयशीकडे जाऊन जेवीन."

"आणि मी?"

"तुमी आमटीभाताचं ताट घेऊन मागच्या खिडकीत बसा."