विलो क्रीकावर दोन शून्यांची स्वारी आणि शेवटच्या वडीचा निकाल

स्वस्ति. उत्तर मिनेसोटा प्रांती, विलो क्रीक परगण्यात, ग्रामीण वीज सहकारी दौलतीवर दोन शून्यांची स्वारी चालून आली, ते समयी कोण कैसे लढले, कोणी काय खाल्ले आणि अखेर फत्ते कैसी जाहली, याची हकीकत पुढील पिढीस कळावी म्हणून दौलतीच्या दफ्तरदार वर्नाबाई ऑस्टबी यांनी यथामति लिहिली. वर्नाबाई म्हणजे आम्हीच. दफ्तर, विजेची बिले, दूरध्वनी आणि कॉफी ही खाती आमचेकडे असून कॉफीखेरीज कोणत्याही खात्याची तारीफ कोणी केलेली स्मरत नाही, आणि ती तारीफही "गरम आहे" इतकीच. ज्या लढाईत काहीच घडले नाही तिची बखर कशास, ऐसे आमची नात पुसते. तीस उत्तर हेच की काही घडू नये म्हणूनच ती लढाई होती.

प्रथम गनीम कोण ते लिहितो. पूर्वी यंत्रकर्त्यांनी जागा वाचावी म्हणून सालाचे पुढले दोन आकडे गाळून मागले दोनच ठेविले. मग नव्याण्णव साल सरून दोन शून्ये येतील, तेव्हा यंत्र समजणार की सन एकोणीसशे लागले. आणि एकोणीसशे साली विलो क्रीकात गाई होत्या, चिखल होता, नॉर्वेहून नुकते उतरलेले आमचे आजे होते, परंतु वीज नव्हती. तेव्हा प्रामाणिक यंत्र दिवे मालवून स्वस्थ बसेल, ऐसी धास्ती सर्व मुलखास पडली. त्यात वरच्या कंपनीची, म्हणजे जी आम्हांस घाऊक वीज देते तिची, यंत्रे, आणि त्यांस जोडलेली आमचीही, ग्रीनविचच्या घड्याळावर चालतात, म्हणून त्यांची मध्यरात्र आमचेकडे सायंकाळी सहा वाजता, ऐन जेवणाचे वेळी. गनिमास रीतभात नव्हती हे येथेच उघड जाहले.

दौलतीचे मुख्य कारभारी खंबाधिपती, रोहित्ररक्षक, श्रीमंत आर्विड टॉलेफसन. हे बोलण्यास बेताचे आणि कामास खंबीर. त्यांचे सरनोबत डेल्मर क्नुटसन, वायरमन लोकांचे मुख्य, शाळेपासूनचे मित्र. आर्विडभाऊंनी मसलत करून हुकूम केला की मुलखातील प्रत्येक यंत्रास तारीख कळते की नाही ते पाहावे. डेल्मरांनी खासा स्वारी काढून उपकेंद्रे धुंडाळली, आणि आढळले की आमची बहुतेक यंत्रे लोखंडी, जुनी आणि अडाणी असून त्यांस आजचा वारही ठाऊक नाही. शिकलेली यंत्रे थोडकीच. त्यांस नवी अक्कल घातली, पुढल्या सालाची तारीख लावून रात्रंदिवस चालवून पाहिले, आणि मक्याची कणसे भरावयाच्या आत मोहीम संपली. राहिले केवळ दफ्तरातील कॉफीचे यंत्र, ज्याच्या घड्याळात आम्ही आल्यापासून बाराच वाजलेले आहेत.

एवढ्यावर बखर संपावी. परंतु वरच्या कंपनीचे फर्मान होते की दरमहा तयारी किती टक्के जाहली ते लिहून पाठवावे, आणि येथेच आमचे लोकांचा घात जाहला.

कारण आमचे परगण्यात बढाईसारखे दुसरे पाप नाही. कोठार जळाले तर आम्ही म्हणतो, याहून वाईट होऊ शकले असते. पीक दुप्पट आले तर म्हणतो, तक्रार नाही. चर्चच्या तळघरात रुबार्बाच्या, म्हणजे एका आंबट देठाच्या भाजीच्या, गोड वड्यांचे ताट फिरते, तेव्हा शेवटची वडी कोणी उचलीत नाही. जो येतो तो सुरीने तिचे दोन भाग करितो आणि अर्धा ठेवितो, मग पुढला त्या अर्ध्याचा अर्धा करितो, आणि अखेर ताटात जे उरते ते मुंगीसही लाजिरवाणे वाटावे. ऐशा लोकांनी शंभर टक्के हा आकडा लिहावा कैसा? तयारी पुरी असता आर्विडभाऊंनी पहिल्या महिन्यास नव्वद सांगितले. पुढे पंचाण्णव. मग साडेसत्त्याण्णव. आम्ही टंकलेखन करीत होतो, आम्हांस सर्व ठाऊक होते, तरी आम्हीही त्याच मातीच्या, म्हणून साडेसत्त्याण्णवही जरा उद्धटच वाटले आणि आम्ही टाइप करिताना इकडेतिकडे पाहून घेतले.

वरच्या कंपनीस मात्र घाम फुटला. आसपासच्या सर्व दौलती शंभर लिहून मोकळ्या जाहल्या आणि विलो क्रीक दरमहा थोडे थोडे रांगते आहे, तेव्हा तेथे काही भयंकर अडले असावे, ऐसा त्यांनी तर्क केला. मग फर्मान सुटले की जी दौलत नोव्हेंबर लागेतो पुरी तयार नसेल, तिची तार नववर्षाच्या सायंकाळपासून सकाळपर्यंत तोडून ठेवण्यात येईल, म्हणजे एका दौलतीचा रोग सर्वांस लागणार नाही.

ते वाचून आर्विडभाऊ खुर्चीत बसले ते उठेनात. कारण आमचे तारेच्या शेवटच्या खांबावर त्यांची थोरली बहीण सेल्माबाई राहते, आणि तिच्या उशाशी प्राणवायूचे यंत्र रात्रंदिवस घरघरते, त्याची नळी तिच्या नाकात असते. जोडीस ठेविलेली टाकी काही वेळच पुरते. आईच्या पश्चात तिनेच आर्विडभाऊंस न्हाऊमाखू घालून वाढविले. डॉक्टरांनी फर्माविले होते की वीज जाणार असेल तर बाईंस आधीच शहरच्या इस्पितळात हलवावे, आणि बाईंनी उलट फर्माविले होते की इस्पितळात गेलेली आपल्या पिढीतली माणसे आडवीच परत आली, सबब आपण जाणार नाही.

आर्विडभाऊ त्याच सायंकाळी भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याचे पातेले घेऊन तिचेकडे गेले. आम्ही पातेल्याचे झाकण धरून सोबत होतो, म्हणून जे ऐकिले ते लिहितो.

"झालं का रे तुमचं ते काम?" सेल्माबाईंनी विचारले.

"होत आलंय, ताई."

"होत आलंय म्हणजे? उरलंय काय?"

"तसं काही नाही उरलं."

"मग झालं म्हण ना!"

"झालं म्हणजे..." आर्विडभाऊंनी पातेल्याकडे पाहिले. "बऱ्यापैकी आहे."

"बऱ्यापैकी! लहानपणी ताप चढला होता तेव्हाही हेच म्हणालास, आणि बर्फातून डॉक्टरला आणायला मला पळावं लागलं. वर्ना, वाढ गं याला. बोलता येत नाही तर निदान खाऊ दे."

आम्ही वाढले. परतताना गाडीत आम्हांस फार वाईट वाटले, आणि ते आम्ही बोलून दाखविले नाही, कारण आमचेकडे तीही रीत नाही.

पुढे ऑक्टोबरात वरच्या कंपनीने शिकागोहून आपला वकील, म्हणजे तपासणीस येणारा माणूस, पाठविला. नाव ग्रेग कॅस्टेलानो, बूट चकचकीत, बोलणे घाईचे. त्यांनी उपकेंद्रे पाहिली, यंत्रांस तारखा पुसल्या, आणि सर्वांनी बरोबर उत्तरे दिली. मग दफ्तरात दरबार भरला, आम्ही कॉफी व रुबार्बाच्या वड्या पुढे ठेविल्या.

"अहो, सगळं तर चोख आहे!" वकील म्हणाले. "मग तुमचा हा आकडा शंभरावर का जात नाही? अडलंय कुठे?"

डेल्मर आढ्याकडे पाहून म्हणाले, "कॉफीचं यंत्र आहे एक."

"आणि?"

"आणि काय. सांगता येत नाही कधी."

"टॉलेफसनसाहेब, तुम्ही सांगा. तुमची तयारी पूर्ण आहे?"

"वाईट नाही," आर्विडभाऊ म्हणाले.

"वाईट नाही म्हणजे शंभर टक्के?"

"म्हणजे... वाईट नाही."

"हे बघा, तुमच्या तोंडचा शब्द मी लिहून घेणार, माझ्या मनाचा नाही. पूर्ण म्हणा, मी सही करतो. नाही म्हणालात तर तार तुटेल."

ऐसे बोलत बोलत वकिलांनी ताटात हात घातला आणि शेवटची वडी उचलून अखंड तोंडात टाकली. डेल्मरांच्या हातातील सुरी हातातच राहिली. वकील चघळीत म्हणाले, "मस्त झाल्यात," आणि त्यांस काही जाणवले नाही. आम्हांस प्रथम त्यांचा राग आला आणि मग, खरे लिहावयाचे तर, हेवा वाटला.

नियम ऐसा की ज्यांचा जीव विजेवर आहे त्यांचे घर वकिलांनी खासा पाहावे. म्हणून सर्व स्वारी सेल्माबाईंच्या दारी गेली. बाईंनी नळी सावरीत उठून कॉफी मांडली, कोणाचे ऐकिले नाही. वकिलांनी यंत्र पाहिले, टाकी पाहिली, मग खाली बसून नरमाईने पुसले की बाई, त्या सायंकाळी आपण इस्पितळात जाणार ना?

"ते याला विचारा," सेल्माबाई म्हणाल्या. "वीज त्याची आहे."

"ताई, तसं बघितलं तर..."

"तसं बघू नकोस. माझ्याकडे बघ." बाईंस दम लागला, त्या थांबल्या, आणि त्या थांबल्या तेवढा वेळ खोलीत यंत्राचीच घरघर होती. "मला रिपोर्ट नको, आर्विड. मी घरी राहू का जाऊ? हे चालेल की नाही?"

"चालेल."

"बहुतेक?"

आर्विडभाऊंचे ओठ हलले. बहुतेक हा शब्द तेथवर आलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. त्यांनी तो गिळला. मग त्यांचे कान तांबडे जाहले, मान तांबडी जाहली, आणि ते म्हणाले, "नाही. बहुतेक नाही. चालेल, ताई. पूर्ण चालेल. शंभर टक्के."

परगणा वसल्यापासून इतके मोठे वाक्य कोणी बोलले नव्हते. डेल्मरांनी लाजून खिडकीबाहेर पाहिले. वकिलांनी लिहून घेतले, सही केली, आणि आम्ही उगीच भरल्या कपात कॉफी ओतीत राहिलो, ती बशीत सांडली.

मग डिसेंबराची अखेर आली. सूर्य मावळला, बाहेर कडाक्याची थंडी. डेल्मर आपले वायरमन घेऊन उपकेंद्री मोर्चे धरून बसले. आर्विडभाऊ बहिणीच्या उशाशी, आणि मांडीवर वड्यांचे ताट घेऊन आम्ही. भाऊंचा हात टाकीच्या तोटीवर होता. शब्द तर देऊन बसले होते. सहा वाजत आले तैसे कोणी श्वास घेईना, सेल्माबाईंवाचून, आणि त्यांचा श्वास यंत्राच्या हवाली होता.

सहा वाजले. दिवा होता तैसाच राहिला. यंत्र घरघरत राहिले.

"झालं?" बाईंनी विचारले.

"झालं, ताई," आर्विडभाऊ म्हणाले आणि त्यांनी तोटीवरचा हात काढून डोळे पुसले. आम्ही पाहिले नाही ऐसे दाखविले.

मग ताट फिरले आणि शेवटी एक वडी उरली. भाऊंनी सवयीने सुरी उचलली. बहिणीने नुसते त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी सुरी खाली ठेविली, वडी उचलली, आणि अखंड खाल्ली.

येणेप्रमाणे गनिमाचा मोड जाहला. आपले तर्फेचे नुकसान कॉफीचे यंत्र एक, ते दुसरे दिवशी बंद आढळले. दोन शून्यांनी गेले की म्हातारपणाने, याचा निवाडा जाहला नाही. कार्यसिद्धीचा अहवाल वर पाठविला, त्यात आर्विडभाऊंनी "ठीक पार पडले" इतकेच सांगितले आणि आम्ही तितकेच टाइप केले. या लेखाच्या शेवटीही आम्ही आधी "हकीकत बहुतेक पुरी जाहली" ऐसे लिहिले होते. सेल्माबाईंनी ते वाचून नळी सावरली, पेन मागितले, आणि बहुतेक हा शब्द खोडून कागद परत दिला.

हकीकत पुरी जाहली.