न हलणारे मास्तर

"गाडी उलटू दे, पालटू दे, आभाळाकडे चाकं करून पडू दे! मी जागचा हलणार नाही!"

शरच्चंद्र मास्तरांनी ही घोषणा सासऱ्यांच्या सावेडीतल्या घरी, पोह्यांची बशी हातात धरून केली. आवेशात बशी तिरकी झाली आणि अर्धे पोहे मांडीवर आले. पण मास्तर खरोखरच हलले नाहीत!

एक्काहत्तर सालचा जानेवारी होता. नगरच्या हौशी मोटारवाल्यांनी भिंगारच्या पलीकडे मुरमाड माळावर शर्यत ठेवली होती. मास्तर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचे. फळ्यावर गाड्या आपटून आपटून त्यांना कंटाळा आला होता. आता त्यांना खरी गाडी पळवायची होती. पंचाईत एकच, गाडी सासऱ्यांची होती. नृसिंहराव वकिलांची जुनी फियाट लग्नापासून जावयाकडे नुसती वापरायला होती.

"ऐका जावईबापू," वकील म्हणाले, "शर्यतीच्या तपासणीत पास झालात तर गाडी तुमची. नापास झालात तर सोमवारी कोपरगावचं गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. मला माझी मुलगी सायकलच्या कॅरिअरवर बसलेली चालेल, पांढऱ्या कपाळाची चालणार नाही."

"नाना!" सुमेधा ओरडली.

"मुद्दा सांगतोय!"

नियम चौथा: चालकास खांद्यावरून व कमरेवरून पट्टे असावेत. पट्टे गाडीच्या सांगाड्यास पक्के जोडलेले असावेत.

हा नियम मास्तरांना पाठ होता. शर्यतीच्या पत्रकाची ती बाजू वाचून वाचून त्यांनी मऊ केली होती. पत्रकाला दुसरीही बाजू होती. ती पुढे येईलच.

पट्टे शिवणार कोण? नगरात बैलांचे आणि टांग्याच्या घोड्यांचे साज बनवणारा एकच कारागीर, माळीवाड्यातला सहादेव. त्याने शिवलेल्या साजातून आजवर एकही जनावर सुटलेलं नव्हतं. एकदा एक घोडा विहिरीत पडला, तर त्याला साजाला दोर बांधूनच वर काढला. घोडा ओला, साज शाबूत!

"सहादेव, हा पट्टा पत्र्यात नाही ठोकायचा हं!" मास्तरांनी शिकवायला सुरुवात केली. "पत्रा फाटतो. खाली सांगाड्याला बोल्ट, बोल्टाखाली तळहाताएवढी लोखंडी पट्टी!"

"व्हय मास्तर."

"खांद्याचे पट्टे मागे थेट जमिनीला न्यायचे नाहीत. धक्का बसला की ते खांदे खाली दाबतात आणि मणक्यांची चकती होते. मागे खांद्याच्या उंचीवर आडवा पाइप बसवायचा, त्याला बांधायचे!"

"म्हंजी जू मानंवर नगं, वशिंडापाशी. कळलं."

"आणि कमरेचा पट्टा पोटावर नाही, हाडावर!"

"मास्तर, बैलाला बी पोटावर आवळत न्हाईत. त्यो काय येडा हाय?"

लष्कराच्या लिलावातले जाड कॅनव्हासचे पट्टे आणले. सहादेवाने आरी चालवली. वजन कमी व्हावं म्हणून मास्तरांनी पुढची काच आधीच काढून ठेवली होती. चार दिवस मास्तर रोज गाडीत बसत. सहादेव मागच्या सीटवर शिरून काहीतरी आवळी, काहीतरी सोडी आणि म्हणे, "उतरा." मास्तर उतरत. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर मानेमागचं फडकं कसं बांधलंय, हे कोण विचारतो?

शेवटी बोल्टांची टोकं सहादेवाने घणाने ठोकून चेपली. आता नट फिरायचा नाही. "परळयात गाडी वाहून जाईल, पर बोल्ट न्हाई सुटनार!"

"प्रयोगाशिवाय मी मानत नाही," मास्तर म्हणाले.

मग काय! सहादेवाने रंगनाथ गाडीवानाची बैलजोडी आणली. पोटावरच्या पट्ट्याला दोर बांधला, पुढच्या काचेच्या रिकाम्या चौकटीतून बाहेर काढला आणि बैलांना जोडला. हातब्रेक ओढला. चाकांखाली दगड लावले.

"हाऽऽ हुर्र!"

बैलांनी मान घातली. पट्टा ताणला. बोल्ट हलेनात, पट्ट्या हलेनात, पाइप हलेना. हलली ती गाडी! दगडांवरून उडी मारून ती निघाली बैलांच्या मागोमाग! चहाच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं कपबश्या घेऊन पळाली. मास्तर मागून धावत होते आणि आनंदाने ओरडत होते, "पास! पास!" गाडी चौकातल्या पाणपोईपाशी थांबली. बैलांना तहान लागली होती, एवढंच.

शर्यतीचा दिवस. सकाळ.

माळावर माणूस मावत नव्हता. मोटारींची शर्यत म्हणजे काय हे पाहायला आसपासच्या गावांतून बैलगाड्याच आल्या होत्या. लोकांनी शर्यतीला लागतं ते सगळं बरोबर आणलं होतं: हलगी, गुलाल, गूळ आणि फेटा.

तपासणीला निवृत्त मेजर सूर्यभान होते. मिशा इस्त्री केलेल्या. ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा डोळे पाणावलेले होते.

"कोणी बसवले हे बोल्ट?"

"म्यां जी," सहादेव म्हणाला.

"शाब्बास! रणगाड्याला शोभतील! बसा मास्तर. पट्टा लावा."

सहादेवाने पट्टा लावला. मेजरनी धरून हिसडा मारला. मास्तरांऐवजी मेजरच गाडीत आले! वकिलांचा चेहरा पडला. सुमेधाने टाळी वाजवली. गाडी आपली! मास्तरांच्या छातीत हलगी वाजू लागली.

"आता शेवटचा नियम," मेजर म्हणाले आणि त्यांनी पत्रक उलटलं.

मास्तरांनी ते कधीच उलटलं नव्हतं.

नियम अकरावा: आग लागल्यास सुटका व्हावी म्हणून, शिट्टी वाजल्यापासून दहा आकड्यांच्या आत चालक गाडीबाहेर आला पाहिजे.

शिट्टी!

एक. मास्तरांचा हात पोटावर गेला. तिथे चारही पट्टे एका चामड्याच्या तुकड्यावर शिवलेले. नुसती शिवण!

दोन. डावी बगल. काही नाही.

तीन. उजवी बगल. गुदगुल्या झाल्या.

चार. "सहादेव, बक्कल कुठंय?"

पाच. "मागं हाय की! पाइपावर!"

सहा. मास्तरांनी हात मागे नेला. खांदे आवळलेले. हात कानापर्यंत पोचला आणि थांबला.

सात. "मागे? मागे का?"

आठ. "मास्तर, आज तीस वर्सं साज शिवतोय! जित्राबाच्या तोंडाला बक्कल लागलं तर ते जाग्यावर ऱ्हाईल व्हय?"

नऊ. एका बैलाने मान हलवली. घंटा वाजली.

दहा.

"नापास!" मेजर म्हणाले.

मास्तर जागचे हलले नव्हते! कोपरगावचं गिऱ्हाईक मास्तरांना डोळ्यांसमोर दिसू लागलं, फियाटवर हात फिरवताना.

"बक्कल पुढे घ्या," सुमेधा म्हणाली.

"कसं घेनार वहिनी? बोल्ट चेपल्यात. पट्टा कापला तर पट्टाच ऱ्हात न्हाई."

एवढ्यात मागून आवाज आला. "एक मिनिट, मेजरसाहेब."

नृसिंहराव वकील पत्रक डोळ्यांशी धरून उभे होते. गाडी परत मिळत होती, ती घेऊन गप्प बसायचं की नाही? पण तीस वर्षांची सवय! अर्धवट लिहिलेला नियम दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटे.

"यात लिहिलंय, चालक बाहेर आला पाहिजे. स्वतःच्या हाताने, असं कुठं लिहिलंय?"

मेजरनी वाचलं. पुन्हा वाचलं. "नाही लिहिलेलं."

"मागच्या सीटवर माणूस बसू नये, असं?"

"तेही नाही."

"मग बसवा माणूस! बक्कल त्याच्या हातात!"

"नाना, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" सुमेधाने विचारलं.

"मुद्द्याच्या!"

सहादेव केव्हाच मागे चढला होता. मेजर म्हणाले, तुलाही पट्टा हवा. त्याने उरलेल्या पट्ट्याने स्वतःला पाइपाला आवळून घेतलं आणि गाठ पोटावर मारली, एका ओढीत सुटणारी.

"तुझी पुढे का रे?" मास्तर चिडून म्हणाले.

"मी हाकनारा न्हवं का!"

पुन्हा शिट्टी. सहादेवाने बक्कल सोडलं. सातव्या आकड्याला मास्तर धुळीत उभे! पास! मेजरनी पत्रकावर सही ठोकली. वकिलांनी आधी विजयाने मान डोलावली, मग गाडी गेल्याचं लक्षात येऊन खाली घातली.

शर्यत.

सात गाड्या, पाच फेऱ्या. निशाण पडलं आणि धुरळा उठला!

"हाऽऽ हुर्र!" सहादेव मागून गरजला. खांद्याचे दोन पट्टे त्याने कासऱ्यासारखे मुठीत धरले होते. वळण आलं की तो डावा ओढी, आणि मास्तर आपोआप डावीकडे वळत. उजवा ओढला की उजवीकडे. पहिल्या फेरीत मास्तर ओरडले, "मला कळतं कुठे वळायचं!" दुसऱ्या फेरीत गप्प झाले. तिसऱ्या फेरीत त्यांना ते आवडू लागलं! काच नव्हती, तोंडात मुरूम येत होता, गाडी उडत होती, आदळत होती, आणि मास्तर सीटला चिकटून! वीतभर नाही, बोटभर नाही, तसूभर हलत नव्हते!

शेवटची फेरी. पुढे एक जीप. बाजू देईना.

"दामटा मास्तर!"

"दामटतोय!"

बैलगाड्यांच्या शर्यतीत अशा वेळी हाकणारा बैलाची शेपटी पिरगळतो. सहादेवाचा हात सवयीने पुढे गेला. शेपटी नव्हती. कान होता.

"आई गंऽऽऽ!"

मास्तरांचा पाय जमिनीपर्यंत गेला. फियाट किंचाळली, जीपच्या अंगाला अंग घासून पुढे निसटली आणि रेघ ओलांडून गेली. तिसरा नंबर!

माळ फुटला! पहिला कोण, दुसरा कोण, गाववाल्यांना पर्वा नव्हती. हाकणारा असलेली गाडी एकच होती! हलगी घुमली. लोकांनी मागचं दार उघडलं, सहादेवाने पोटावरची गाठ एका ओढीत सोडली, मग लोकांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला आणि त्याला खांद्यावर घेऊन मिरवत पार बैलगाड्यांच्या पलीकडे नेलं.

मास्तरही उपेक्षित राहिले नाहीत. काचेच्या रिकाम्या चौकटीतून चार हात आत आले. एकाने कपाळाला गुलाल फासला. एकाने तोंडात गुळाचा खडा कोंबला. एक म्हातारा मानेवर थोपटून म्हणाला, "गुनाचं हाय!"

गर्दी पांगली. हलगी लांब गेली. मास्तर बसलेलेच.

नृसिंहराव आले. "अभिनंदन जावईबापू. गाडी तुमची." आणि पाठ फिरवून गेले.

"सुमेधा," मास्तर गुळाच्या आडून म्हणाले, "बक्कल..."

सुमेधा मागच्या सीटवर येऊन बसली. तिने पदर नीट केला. बक्कल पाहिलं. मग दोन्ही पट्टे हातात घेतले आणि डावा हलकेच ओढून पाहिला. मास्तर डावीकडे वळले.

"अगंबाई!" ती म्हणाली. "चला. आधी भाजीबाजार, मग गिरणीतून दळण, मग आत्याबाईंना भेटून येऊ. कधीचे टाळताय तुम्ही."

"आणि बक्कल?"

"ते घरी गेल्यावर."