आत्याबाईंचा आवाज कामावर आहे

दर बुधवारी संध्याकाळी द्वारकाआक्कांचा आवाज नभोवाणी केंद्रावर कामाला जायचा आणि कार्यक्रम आटोपला की घरी यायचा. तेवढा वेळ आक्का मुक्या असायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ त्र्यंबक सबनीस याला सुरुवातीला यात काही वावगं वाटलं नाही. आवाज त्यानेच कामाला लावला होता. तो केंद्रावर बाजारभाव वाचायचा. एकदा गंमत म्हणून त्याने आक्कांची नक्कल केली आणि चिमामावशी जन्माला आली. चिमामावशी कशाबद्दलही बोलत असो, मध्येच किंचाळायची, "अगं बाई, दूध उतू गेलं!" झालं! गल्लोगल्ली रेडिओपुढे माणसं पोट धरून हसायची.

आक्कांचं दूध खरंच उतू जायचं. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या या बाईने चार घरचा स्वयंपाक करून भावाला शिकवलं, आणि भाऊ धडा म्हणायला लागला की तिचं चुलीकडे लक्षच राहायचं नाही. त्र्यंबकला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते वाक्य इतकं झकास जमायचं.

पुढे कार्यक्रम रोजचा झाला. आवाज रात्री दमून भागून यायचा, मग केंद्रावरच राहायला लागला. आक्का खुणांनी कामं उरकू लागल्या.

अशात त्र्यंबकला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आक्कांनी नाव मनाशी कधीचंच ठरवलं होतं, पण बारशाआधी फोडायचं नाही म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. लिहायला त्यांना येत नव्हतं.

"एक दिवस तरी वन्संना त्यांचा आवाज आणून द्या," बायको सुमती म्हणाली. "एवढंही होत नाही का तुमच्याच्यानं?"

त्र्यंबक केंद्रावर गुंजीकरसाहेबांकडे गेला.

"आवाज आता कायम नोकरीत आहे," साहेब म्हणाले. "रजा हवी तर मूळ मालकिणीने समक्ष येऊन तोंडी मागावी."

"पण साहेब, तिला बोलता येत नाही."

"मग अडचण आहे." साहेबांनी चहा मागवला. "तुम्ही चिमामावशी सोडलीत, तर मात्र आवाज आत्ताच्या आत्ता मोकळा. पुन्हा बाजारभाव वाचा. ज्वारी, बाजरी, हरभरा. आहे तयारी?"

त्र्यंबक चहा पिऊन घरी आला. "साहेब ऐकतच नाहीत," त्याने सांगितलं. सांगताना त्याला आक्कांकडे बघवेना. शरमेने कान तापले होते, पण ज्वारी-बाजरी काही त्याच्याच्याने पुन्हा वाचवली नसती.

बारशाला आक्का नवं लुगडं नेसून पाळण्यापाशी बसल्या. पाठीत बुक्के घालायला बायका मुठी वळून सज्ज होत्या. आक्का बाळाच्या कानाशी वाकल्या, ओठ हलले, बाहेर काही आलं नाही. तेव्हा त्यांनी भावाचा हात धरून त्याला खाली बसवलं. आवाज केंद्रावर राहत असला तरी भावाने नक्कल केली की त्याच्या तोंडी येतो, आणि आवाजाला नाव ठाऊक असणारच, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर होता.

"कुर्रर्र..." त्र्यंबक आक्कांच्या आवाजात म्हणाला, आणि घरात हशा पिकला. "अरे, चिमामावशी! चिमामावशी आली!"

नाव त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण माणसं हसत होती, आणि आणखी हसायला तयार होती. असल्या वेळी काय करायचं ते त्याला एकच माहीत होतं.

"अगं बाई," तो बाळाच्या कानात म्हणाला, "दूध उतू गेलं!"

लोकांची हसून मुरकुंडी वळली. बायकांनी रीतीप्रमाणे त्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि नाव पक्कं झालं. कानात एकदा गेलेलं नाव बदलता येत नाही. शाळेत गुरुजी हजेरीला "दूध उतू गेलं त्र्यंबक सबनीस" म्हणायचे आणि पोरगी "हजर" म्हणायची.

काही वर्षांनी लोकांची आवड बदलली, चिमामावशी बंद झाली. आवाज निवृत्त होऊन शाल-नारळासकट घरी आला. जरा बसला होता, पण आक्कांना पुरेसा होता. त्याच संध्याकाळी त्र्यंबकने चाचरत विचारलं, "आक्का, तू ठरवलेलं नाव कोणतं होतं गं?"

"तुझ्या जिभेवर आलं होतं की," आक्का म्हणाल्या. "तूच गिळलंस."

"आता आठवत नाही गं."

"मग राहू दे. पोरीला हेच सवयीचं झालंय आता."

दिवेलागण झाली होती. आक्का दारात गेल्या आणि पोरीला नावाने हाक मारली. अख्खी गल्ली हसली. पोरगी आली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली.

त्र्यंबक उठून स्वयंपाकघरात गेला आणि चुलीपाशी उभा राहिला. चुलीवर काही नव्हतं.