भागोजी गुरुजींचा श्लेष

"बाबा, लोक सुई बघूनच पळतात. बाहेर बाकांवर बसलेल्यांना तुम्ही जरा हसवत ठेवा," एवढंच मृणाली म्हणाली होती. पाली गावच्या रक्तदान शिबिराची जबाबदारी तिच्यावर होती. तिचे सासरे भागोजी गुरुजी मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आठ दिवस खपून रक्तपिशाच्चांचे बारा विनोद तयार केले आणि पाली हसली नाही तर नाव लावणार नाही, असं चारचौघांत सांगून टाकलं.

सकाळी बाकांवर तीसेक माणसं होती. गुरुजींनी सोबत आणलेला फळा भिंतीला टेकवून घसा खाकरला.

"रक्तपेढीत पिशाच्चाचं काय असतं? खातं नव्हे, पितं!"

कोणी हसेना. एकाने जांभई दिली. गुरुजींचा पारा चढला.

"कळलं नाही? अरे, हा श्लेष आहे! 'खातं' म्हणजे एक बँकेतलं. दुसरं, 'खा' या धातूचं नपुंसकलिंगी एकवचनी रूप. आता फळ्यावर बघा..."

लवू खरं तर बायकोला सोडायला आला होता. तो ताडकन उठला. "म्याडम, माजा रगत आधी घेवा ओ!"

"थांब रे! दुसरा ऐक. पिशाच्चाला राग आला की ते काय करतं? दात धरतं!"

गुरुजींनी 'दात धरणे'चा वाच्यार्थ सुरू केला. दर वर्षी सुई दिसताच घर गाठणारा ऋत्विक बाही वर करत आत शिरला. पाचव्या विनोदाला तर दारात आधी कोण, यावरून भांडण झालं. डॉक्टरीणबाईंना जादा खाटा मागवाव्या लागल्या. गुरुजी मात्र संतापले होते. चाळीस वर्षं या गावाला व्याकरण शिकवलं, आणि ही त्याची किंमत!

अकराला बाकावर एकटी येसूबाई उरली. गुरुजींनी तिच्याकडे खुर्ची वळवली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या.

"मावशी, तुमचं हिमोग्लोबिन नऊच आहे. तुमचं रक्त नाही घेता येणार. बसा इथेच."

"नऊ असांदे नायतर दोन!" येसूबाई कळवळली. "सगला काडा, पन मला आत घेवा! ह्यान परत इस्कटून सांगायला घेतलान!"

आतल्या खाटांवर हास्याचा स्फोट झाला. "हात हलवू नका!" म्हणून नर्स ओरडत होती, आणि ओरडता ओरडता स्वतःच हसत होती. मृणालीने तोंडाला पदर लावला.

गुरुजी खडू आपटून उभे राहिले.

"अरे मूर्खांनो," ते गरजले, "यात श्लेष कुठाय?"