म्हैस पान्हवायची चाल

नोराकाकूंना हिंदी येत नाही. फरीदाबादेत उभं आयुष्य काढलं, पण नाही म्हणजे नाही. भाजीवाला, वॉचमन, बँकेचा मॅनेजर, सगळ्यांशी त्या मराठीच बोलतात, आणि तीही साताऱ्याकडची. "काय रं, दोडका हाय का लाकूड?" असं एक गोरीपान, निळ्या डोळ्यांची बाई कमरेवर हात ठेवून विचारते, तेव्हा नवा माणूस गारच पडतो. आमचा भाजीवाला मथुरेचा. तोही आता "कवळा हाय, आज्जी" म्हणायला शिकलाय.

मी पुण्याची, नोकरीसाठी इथे आलेली. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "आगं बया, किती गं वाळलीस!" मला आधी हसू फुटलं, आणि मग घरची आठवण येऊन चक्क रडू आलं. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जेवायलाच असते म्हणा ना.

काकू मूळच्या आयर्लंडच्या. त्यांचे यजमान साताऱ्याकडचे, इथल्या कारखान्यात इंजिनिअर होते. तिकडे ट्रेनिंगला गेले आणि येताना बायको घेऊन आले. काकूंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या फिडल. म्हणजे आपलं व्हायोलिनच हो, पण तसं म्हणायची सोय नाही. "व्हायोलिन कोट घालून वाजवत्यात. फिडल सैपाकघरात."

त्यांच्या घरात कागदावरून कुणी शिकलं नाही. ऐकायचं आणि उचलायचं. चालीला नावही ज्याच्याकडून उचलली त्याचं: आत्याची, थोरल्या आजोबांची. मी एकदा शहाणपणा केला, की मुळात बांधली कोणी? "त्ये कुणाला ठावं? मला आत्यानं दिली, म्हंजी आत्याची!" मराठीही त्यांनी अशीच उचलली, दर सुट्टीत गावी सासूबाईंकडून, ठसक्यासकट.

सासूबाई म्हणजे कडक प्रकरण. धार काढताना त्या एक चाल गुणगुणायच्या. शब्द नाहीत, नुसतं 'हूं हूं'. त्याशिवाय म्हैस पान्हवायचीच नाही. एका सुट्टीत काकूंनी ती चाल फिडलवर उचलली आणि गोठ्यात जाऊन वाजवली. म्हैस लगेच पान्हवली! सासूबाईंनी अबोला धरला. "माझी म्हस फितवली, म्हनं," काकू सांगतात. "मरंस्तवर एकदा बरं म्हनली न्हाई म्हातारी."

माहेरचं कुणी उरलं होतं तर एक धाकटा भाऊ, मार्टिन. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. दर रविवारी दोघं व्हिडिओवर एकत्र वाजवायला बसत. नेटमुळे आवाज मागे पडायचा आणि काकू ओरडायच्या, "थांब की मुडद्या!" त्या बिचाऱ्याला मराठीचं अक्षर कळत नसे, पण तो थांबायचा.

काकूंचा मुलगा गुडगावला असतो. भला आहे, पण गाणं म्हणजे त्याच्या लेखी गाडीतला स्पीकर. मी तर औरंगजेबच. "मार्टिन नि मी गेलो की बुडालं आमचं वाजवनं," काकू एकदा पोळी लाटता लाटता म्हणाल्या. मी म्हटलं, "असं काय बोलता, काकू?" त्या म्हणाल्या, "खरं त्ये बोलावं."

या थंडीत मार्टिन गेला. काकूंच्या हृदयाची अवस्था अशी, की डॉक्टरांनी विमान साफ नाकारलं. अंत्यविधी फोनवरच पाहायचा होता. शनिवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी नऊवारी नेसली होती, सासूबाईंनी दिलेली एकुलती एक.

फोनमध्ये ओली, हिरवी दफनभूमी. खड्ड्याशी बरीच तरुण मंडळी फिडल, बासऱ्या घेऊन उभी होती. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. काकू हळू आवाजात सांगत होत्या, "ही आत्याची. ही आजोबांची." ही पोरं मार्टिनकडे शिकायला येत, हे तो कधी बोललाच नव्हता म्हणे. मग एका लाल केसांच्या मुलीने एकटीने एक संथ चाल धरली, आणि काकूंनी माझा हात घट्ट पकडला.

"आगं... म्हस," त्या म्हणाल्या.

मला काही समजेना. वाजवून झाल्यावर त्या मुलीने जमलेल्यांना इंग्रजीत सांगितलं: मार्टिनची ही सर्वांत लाडकी चाल, त्याच्या बहिणीकडून आलेली. आमच्याकडे ही सगळ्यांना येते. हिचं नाव 'सॅसूबाय'.

काकू हसायला लागल्या. हसता हसता डोळे वाहू लागले. "म्हातारे, कुठं जाऊन बसलीस गं!"

संध्याकाळी त्या मुलीचाच फोन आला. भीत भीत तिने विचारलं, आम्ही बरोबर वाजवली का? मला वाटलं, काकू आता तोंड भरून कौतुक करतील. कसलं काय! "मधे चुकलीस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तिथे थांबायचं असतं. तिथे दूध उतरतं." त्यांनी फिडल घेतली आणि तेवढाच तुकडा वाजवून दाखवला. मुलीने वाजवला. "पुन्हा." तिने पुन्हा वाजवला. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

"आता बरं," त्या मराठीत म्हणाल्या.